आधी चौकट तपासा, मग बार लावा

भाड्याच्या घरात व्यायामाला वेगळी खोली नसते, पण दार असतेच. म्हणून दाराच्या चौकटीत बसणारा पुल-अप बार पुण्या-मुंबईत फ्लॅट घेऊन राहणाऱ्या तरुणांना सोयीचा वाटतो. पाठ, खांदे आणि हातांची पकड यांसाठी हा व्यायाम उत्तमच. मात्र विकत घेताना नजर खोक्यावरच्या वजनाच्या आकड्यावरच थांबते. तो आकडा बारचा असतो. तुमच्या घरातली चौकट किती ताण सोसेल, याचा हिशेब त्यात नसतो.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला, दाराच्या वरच्या पट्टीवर अडकवायचा. अमेरिकी घरांत दाराभोवती भिंतीपासून पुढे आलेली जाड पट्टी असते, तिच्या आधाराने तो टिकतो. आपल्याकडे चौकट बहुधा गिलाव्याच्या पातळीत असते. पट्टी असलीच तर ती शोभेची, बारीक खिळ्यांनी ठोकलेली. तिच्यावर माणसाचे वजन टाकू नये. दुसरा प्रकार चौकटीच्या दोन बाजूंमध्ये फिरवून ताणायचा. त्याला भोके पाडावी लागत नाहीत, म्हणून भाडेकरूंची पसंती त्यालाच. तिसऱ्यात बारची टोके स्क्रूने पक्क्या केलेल्या वाट्यांत बसतात. तिन्हींत भरवशाचा तोच, पण भोके पाडणारा.

ताणायचा बार केवळ घर्षणावर टिकतो. ६० किलोचा माणूस लटकला की प्रत्येक टोकावर ३० किलो भार येतो. घर्षण दाबाच्या निम्मे मिळाले, तर तो भार पेलायला प्रत्येक बाजूला निदान ६० किलोचा दाब हवा. गुळगुळीत पृष्ठभागावर घर्षण पाव झाले, तर १२० किलोचा. हा सगळा रेटा चौकटीला बाहेर ढकलतो. मागे सिमेंट नीट भरलेले नसेल तर लाकूड दबते, बार सैल होतो आणि निसटतो. झोके घेतले, हिसके दिले की भार शरीराच्या वजनापेक्षा खूप वाढतो.

म्हणून दार निवडताना घाई नको. बाथरूमची ग्रॅनाइटची किंवा पीव्हीसीची चौकट टाळावी. लाकडी चौकट बोटाने ठोकून पाहावी. पोकळ आवाज, भिंतीलगतची भेग, वाळवीच्या खुणा, यांपैकी काहीही आढळले तर ते दार सोडून द्यावे. बारची रबरी टोके पूर्णपणे सपाट भागावर टेकायला हवीत. पल्ला बसण्याच्या खाचेवर ती अर्धवट टेकली तर पकड जाते. पॉलिश खराब होऊ नये म्हणून मध्ये कापड ठेवण्याची युक्ती घातक आहे, कारण त्याने बार घसरतो.

बार लावल्यावर दोन्ही टोकांखाली चौकटीवर पेन्सिलची बारीक रेघ मारावी. आधी पाय जमिनीवर ठेवून थोडे वजन द्यावे, मग हळूहळू पूर्ण. बार रेघेवरून खाली आला तर तिथेच थांबावे. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे प्रत्येक वेळी लटकण्यापूर्वी घट्टपणा तपासायलाच हवा. बार फार उंच नको: गुडघे वाकवून लटकावे आणि पाय सोडताच जमीन लागावी. डोके वरच्या चौकटीवर आपटणार नाही इतकी जागा राखावी. उलटे लटकणे पूर्ण वर्ज्य, कारण बार निसटला तर मार थेट डोक्याला आणि मानेला बसतो. मागेपुढे टीपॉय नको, पल्ला उघडा अडकवून ठेवावा आणि घरात लहान मुले असतील तर व्यायामानंतर बार काढून ठेवावा.

घरमालकाशी आधीच बोलावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. घरात फेरफार करण्याविषयी त्यात काय लिहिले आहे, ते वाचावे. स्क्रू मारायचे असतील तर परवानगी लेखी घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा होकारही जपून ठेवावा. ताणायच्या बारनेही रंग निघतो, रबराचे काळे डाग पडतात. म्हणून लावण्यापूर्वी चौकटीचे फोटो काढून ठेवावेत. डिपॉझिट परत घेताना ते उपयोगी पडतात.

आणि घरातली एकही चौकट या कसोटीला उतरली नाही, तर बारचा हट्ट सोडावा. जवळच्या बागेतल्या ओपन जिममध्ये किंवा व्यायामशाळेत सिंगल बार असतो. तो माणसाचे वजन पेलण्यासाठीच उभारलेला असतो; दाराची चौकट फक्त दारासाठी बसवलेली असते.