स्प्रिंग बदलल्यावर गाडीचा मागचा भाग का उडतो? आणखी खर्च करण्यापूर्वी काय तपासाल?

गणपतीला गावी जाताना गाडीत पाच माणसे, डिकीत सामान आणि अनेकदा सीएनजीची टाकीही. अशा गाडीची मागची बाजू मुंबई-गोवा महामार्गावर खाली बसते आणि गतिरोधकाला घासते. म्हणून गिरगाव, लालबाग, परळमधले काही चाकरमानी निघण्यापूर्वी मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवून घेतात, काही जण थेट कडक स्प्रिंग टाकतात. जाताना गाडी छान उचललेली राहते. तक्रार सुरू होते ती परतल्यावर. लालबागच्या उड्डाणपुलाच्या सांध्यांवरून एकट्याने जाताना गाडीचा मागचा भाग टणकन उडतो, वळणावर बाजूला सरकल्यासारखा वाटतो.

बिघाड नेमका कशात?

स्प्रिंग गाडीचे वजन तोलते, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. दोघांची जोडी कंपनीने हिशेब करून जुळवलेली असते. आता काम करणाऱ्या सहा वेढ्यांपैकी एक बफरने अडवला, तर पाचच उरतात आणि स्प्रिंग २० टक्के कडक होते. (रबर थोडे दबते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी. पण इंजिनीअरिंगच्या पुस्तकातले हे गणित रस्त्यावरही बऱ्यापैकी लागू पडते.) शॉक अ‍ॅब्सॉर्बर मात्र जुनाच, कदाचित ६०-७० हजार किलोमीटर धावलेला. वाढलेली उसळी त्याला आवरत नाही.

त्यात आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे इंजिन पुढे असते. गाडीत फक्त चालक असेल, तर ६० टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर असते. मागची बाजू मुळात हलकी, त्यात स्प्रिंग कडक. खड्ड्यावरून गेल्यावर मागचे चाक क्षणभर रस्ता सोडते. दादरच्या कोंडीत याने फार बिघडत नाही. पण पावसात कोस्टल रोड किंवा ईस्टर्न फ्री वेच्या वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला, की वजन आणखी पुढे जाते आणि गाडीचे शेपूट बाहेर फिरू शकते. म्हणून ‘सवय होईल’ म्हणून हे सोडून देऊ नये.

गाडी ‘कधी’ हलते?

गॅरेजमध्ये ‘मागून हलते’ एवढेच सांगितले, तर एकेक पार्ट बदलत बसण्याची वेळ येते. त्यापेक्षा नेमके सांगा. सांध्यावर एकदाच ताडकन उडते की त्यानंतर दोन-तीनदा झुलत राहते? झुलत असेल तर संशय शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर. सरळ रस्त्यावर वेगात डावी-उजवीकडे भरकटत असेल तर टायर, अलाइनमेंट आणि रबरी बुश पाहावेत. एकाच बाजूने ‘टकटक’ येत असेल तर बोल्ट सैल आहे किंवा स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसलेली नाही.

पहिली तपासणी जवळपास फुकट आहे. गावी जाताना पूर्ण भाराप्रमाणे मागच्या टायरमध्ये वाढवलेली हवा परतल्यावर कमी केली का? अनेक जण विसरतात. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर दोन्ही आकडे असतात. टायर थंड असताना मोजा. नवे टायर पुढे आणि झिजलेले मागे, ही आपल्याकडची आवडती पद्धतही पावसात उलटते. चांगले टायर मागेच हवेत.

त्यानंतर सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंची उंची मोजा. सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर स्प्रिंग वाकडी बसली असू शकते.

सर्वांत दुर्लक्षित कारण मात्र बोल्ट. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट रबरी बुशमधून जातो. घाईच्या दिवसांत तो गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असतानाच आवळला जातो. गाडी खाली उतरली की ते रबर कायमचे पिळलेले राहते, मागची बाजू आखडते आणि बुश लवकर फाटते. उपाय सोपा आहे: बोल्ट सैल करायचा, गाडीचे वजन चाकांवर घ्यायचे आणि मग टॉर्क रेंचने आवळायचा. नवा पार्ट लागत नाही.

एवढे करूनही फरक पडला नाही तर बफर काढून त्याच रस्त्याने, तेवढ्याच माणसांसह, तेवढ्याच हवेवर आणि त्याच बेताच्या वेगाने गाडी चालवून पाहा. उसळी थांबली तर दोषी सापडला. बफरचा फायदा फक्त भरलेल्या गाडीला असेल तर तो गणपतीपुरता बसवावा. कायम वजन घेऊन फिरणाऱ्यांनी स्प्रिंगबरोबर तिला जुळणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बरही घ्यावेत, आणि नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम. मशीनवर मागच्या चाकांचे माप चुकीचे दिसले, तर बहुतेक छोट्या गाड्यांत ते फिरवून जुळवता येत नाही. मागचा अ‍ॅक्सल बीम वाकला आहे का, ते तपासावे लागते.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. कंपनीच्या मापाचा नवा पार्ट टाकणे म्हणजे दुरुस्ती. पण मूळ रचना बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येऊ शकते आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. गाडी बरीच उंच किंवा खाली करणारा संच घेणार असाल, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. अपघातानंतर दाव्याची तपासणी करणारा सर्व्हेअर गाडीखाली वाकून पाहतो.