उन्हाळ्याआधी नावेची हजेरी



गणपतीचे विसर्जन झाले, आरतीची भांडी घासून कपाटात गेली, की आमच्या घरी एक दुसरे काम निघते. अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली नाव उघडायची. ल मोर्नपासून ला गोलेत, काझ नोयाल आणि पुढे रिव्हिएर न्वारपर्यंत किनाऱ्याने जाऊन पाहा. ऑक्टोबरच्या रविवारी किती अंगणांत नावा ओंडक्यांवर चढवलेल्या दिसतात! कोणी तळ खरवडतो आहे, कोणी रंग ढवळतो आहे, कोणाच्या हातात मोटारीचा पाना आहे. मे ते सप्टेंबर वारा जोराचा असतो. नोव्हेंबर लागला की तो मंदावतो, लगूनचे पाणी आरशासारखे होते, शाळांना सुट्टी लागते, आणि प्रत्येक घरातील मुले विचारू लागतात, बेटावर कधी जायचे?

आपले पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून इकडे आले. त्यांतील बरेचसे कोकणचे. कोकणात पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यांची डागडुजी करतात, रंग देतात, आणि श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच पाण्यात लोटतात. आपल्या बेटावर ऋतू उलटे. नारळी पौर्णिमा आपल्याकडे ऐन थंडीत येते आणि नावेचा हंगाम त्यानंतर तीन महिन्यांनी. पण त्या रिवाजातील शहाणपण तेच आहे. आधी नाव तपासा, मग समुद्रात जा.

हे शहाणपण आम्ही पुस्तकातून शिकलो असे म्हणण्यात अर्थ नाही. आम्ही ते एका चुकीतून शिकलो. ती चूक सांगावी की नाही याचा आम्ही बराच विचार केला. घरची चूक चारचौघांत सांगणे कोणाला आवडते? परंतु वर्गात मुलांना आम्ही नेहमी सांगतो, की आपली चूक लपवली तर ती दुसऱ्याच्या वहीत पुन्हा सापडते. म्हणून सांगतो.

आठ वर्षे झाली. डिसेंबरचा पहिला रविवार होता. आमच्या काकांची बावीस फुटी फायबरची पिरोग, मागे पंचवीस अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटार. काका साखर कारखान्यात फिटर होते. यंत्राच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. आदल्या दिवशी त्यांनी अंगणातच मोटारीची दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मोटार गरजली. पाणी नव्हते, काही नव्हते; मिनिटभर चालू ठेवून त्यांनी सगळ्यांना आवाज ऐकवला आणि म्हणाले, "बघा, तयार आहे!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातजण निघालो. इल ओ बेनिचिएवर जेवण झाले, मुलांनी शिंपले गोळा केले. परतताना काकांना वाटले, पासच्या तोंडाशी जाऊन दोन गळ टाकावेत. तिथे पोहोचलो आणि मोटारीच्या मागून सुटणारी पाण्याची धार बारीक होत होत थांबली. गरम रबराचा वास आला. काकांनी मोटार बंद केली, आणि ते बरोबरच केले, नाहीतर ती जागीच जाम झाली असती. पण आता करायचे काय? वल्ही घरी राहिली होती, कारण मोटार "तयार" होती. नांगर टाकला, तर त्याची दोरी आखूड. नांगर तळाला लागला, पण धरेना. लगूनचे पाणी पासमधून बाहेर वाहत होते आणि नाव त्याच्याबरोबर सरकत होती. आग्नेयेचा वारा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून बाहेर समुद्राकडे जातो. पश्चिमेला पुढे रीयुनियन, आणि तेही सुमारे दोनशे किलोमीटरवर.

त्या वेळी आमची मुलगी नऊ वर्षांची होती. ती म्हणाली, "बाबा, जॅकेटं पाच आहेत. आपण सातजण आहोत."

रोज सकाळी वर्गात हजेरी घेणारे आम्ही! सहलीला निघताना बसच्या दारात उभे राहून मुले मोजणारे आम्ही! आणि आपल्याच घरच्या माणसांसाठी आम्ही जॅकेटे मोजली नव्हती. मुलांना घातली, काकींना घातले, आणि काका व आम्ही तसेच बसलो. कोणी काही बोलले नाही. पाऊण तासाने मासेमारीहून परतणाऱ्या एका पिरोगने आम्हाला पाहिले आणि दोर टाकून ओढत किनाऱ्याला आणले. त्या दोघा भल्या माणसांनी पैसे घेतले नाहीत. फक्त एक म्हणाला, "पुढच्या वेळी वल्ही घेऊन या."

संध्याकाळी काकांनी मोटारीचा खालचा भाग उघडला. आउटबोर्ड मोटार समुद्राचेच पाणी वर ओढून स्वतःला थंड ठेवते. ते पाणी ओढणारी एक लहानशी रबरी पंखी असते. तिला इंपेलर म्हणतात. पाणीच तिचे वंगण. कोरड्यात मोटार चालवली, तर अर्ध्या मिनिटातही तिच्या पाकळ्या करपतात. आमच्या पंखीच्या तीन पाकळ्या तुटल्या होत्या. म्हणजे ज्या मिनिटाला आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याच मिनिटाला आमची मोटार बिघडली होती. काका बराच वेळ ती पंखी हातात धरून बसले. मग म्हणाले, "चालू होते म्हणजे तयार आहे असे नाही."

तेव्हापासून आमच्या घरी नावेची एक वही आहे. दर ऑक्टोबरात ती उघडतो आणि शाळेतील हजेरीप्रमाणे एकेका गोष्टीचे नाव घेतो. ती वस्तू डोळ्यांनी पाहिली, हाताने तपासली, तरच "हजर" लिहायचे. त्या वहीतील मुख्य गोष्टी येथे देतो.

पहिला तळ. चिकटलेले शिंपले व शेवाळ खरवडून काढावे. त्यांच्यामुळे नाव जड होते आणि पेट्रोल जास्त जळते. फायबरला चीर किंवा फुगा दिसला तर रंगाने झाकू नये, आधी दुरुस्त करावा. लाकडी पिरोग असेल तर फळ्यांच्या फटी पाहाव्यात. पाणी काढण्याच्या भोकाचे बूच हातात घेऊन पाहावे. त्याचे रबर कडक झाले असेल तर नवे घ्यावे. बूच विसरून पाण्यात लोटलेल्या नावांच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकू येतात.

दुसरे पेट्रोल. सहा महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलवर भरवसा ठेवू नये. ते चिकट होते, आणि टाकीच्या आत हवेतील दमटपणाचे पाणी साचते. टाकी रिकामी करून धुवावी, गाळणी बदलावी. नळी वाकवून पाहावी. भेगा दिसल्या तर टाकून द्यावी. नळीवरच्या रबरी फुग्याचा बाण मोटारीकडे असावा. जुन्या दोन-स्ट्रोक मोटारीत पेट्रोलबरोबर तेल मिसळावे लागते. पुष्कळ मोटारींना पन्नासास एक, म्हणजे पंचवीस लिटरला अर्धा लिटर, हे प्रमाण असते. तरी आपल्या मोटारीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच खरे. चार-स्ट्रोक मोटारीत तेल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत, ते निराळे भरतात आणि वर्षातून निदान एकदा बदलतात.

तिसरी मोटार. रबरी पंखी बाहेर काढून पाहावी. पाकळ्या वाकलेल्या किंवा चिरलेल्या असतील तर विचार न करता बदलावी. आम्ही ती दर वर्षी बदलतो. स्पार्क प्लग काढून पुसावेत, काळे किंवा झिजलेले असतील तर नवे घालावेत. खालच्या गिअरचे तेल काढून त्याचा रंग पाहावा. ते दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरते आहे असे समजावे आणि सील बदलून घ्यावे. नवे तेल खालच्या भोकातून भरावे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही.

चौथा पंखा. तो पूर्ण काढावा. त्याच्यामागे दांड्याला गळाची नायलॉनची दोरी गुंडाळलेली असते. बाहेरून ती दिसत नाही, पण सील कापून टाकते. दांडा पुसून ग्रीस लावून मग पंखा बसवावा. मोटारीला लावलेला जस्ताचा तुकडा अर्धा खाल्ला गेला असेल तर बदलावा. खारे पाणी धातूला खाते, ते आधी या तुकड्याला खाते. म्हणूनच तो असतो. त्यावर रंग कधीही लावू नये.

पाचवी चाचणी. मोटार सुरू करायची तर पाण्याच्या पिंपात किंवा नळाचे पाणी जोडूनच. मागची धार जोरात आणि सारखी आली पाहिजे. तांडेलाच्या मनगटाला बांधायची लाल दोरी ओढून पाहावी. ओढताच मोटार थांबली पाहिजे. तो पाण्यात पडला तर नाव त्याच्यावाचून पुढे पळू नये, यासाठी ती असते. नंतर लगूनमध्ये, किनाऱ्याच्या जवळ, मुलांना न घेता एक फेरी मारावी.

सहावे सामान. माणशी एक जॅकेट, आणि मुलांना मुलांच्याच मापाचे. मोठे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. दोन वल्ही. नांगराला थोडी साखळी आणि पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोरी. आमची दोरी का धरली नाही, ते आता आपल्या लक्षात आले असेल. शिट्टी, टॉर्च, पिण्याचे पाणी, पाणी उपसायला बादली, पिशवीत नीट बांधलेला फोन, आणि मुदत न संपलेले धूरबाण. रेडिओ असेल तर सोळावा चॅनल. परवाना व विम्याची मुदतही याच वेळी पाहावी. पेट्रोलचा हिशेब असा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक. आणि किनाऱ्यावरील एका माणसाला सांगून जावे, की आम्ही कुठे जातो, कितीजण आहोत आणि किती वाजता परत येऊ. ती वेळ टळली तर त्याने तटरक्षक दलाला कळवावे.

आता एक गोष्ट आपल्या बेटापुरती. जो आपला नौकाविहाराचा हंगाम, तोच वादळांचा हंगाम. १९६० चे कॅरोल आणि १९७५ चे जर्व्हेज आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकले. जानेवारी २०२४ चे बेलाल आपण स्वतः पाहिले. म्हणून नाव पाण्यात लोटण्याची जशी तयारी करतो, तशीच ती वर ओढण्याचीही करावी. गाडीच्या चाकांत हवा आहे का? दोर मजबूत आहे का? ओढायला कोण कोण येणार? हे ऑक्टोबरातच ठरवावे. पहिल्या वर्गाचा इशारा ऐकला की नाव वर. उद्या बघू म्हणणाऱ्याची नाव उद्या शेजाऱ्याच्या छपरावर सापडते.

आणि लगूनला विसरू नये. जुलै २०२० मध्ये वाकाशियो जहाज प्वांत देस्नीजवळ प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्याचे तेल पाण्यात पसरले, तेव्हा लहानथोर सर्वांनी उसाच्या पाचटाचे तरंगते बांध शिवले. ते आपण केले, मग आपल्याच मोटारीचे जुने तेल ओहोळात कसे ओतावे? ते डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावे. तळाचा खरवडलेला रंगही ताडपत्रीवर गोळा करावा. तो विषारी असतो.

कोणी म्हणेल, दोन तासांच्या विहारासाठी एवढा खटाटोप? आमचे उत्तर साधे आहे. हा खटाटोप जाण्यासाठी नसून परत येण्यासाठी आहे. शांत पाणी पाहून माणूस निष्काळजी होतो. आम्ही अडकलो तेव्हा समुद्र खवळलेला नव्हता. तो आमच्या पाटीसारखा सपाट होता.

काका आता थकले. नावेची वही आमच्या मुलीकडे आहे. ती सतरा वर्षांची झाली. ऑक्टोबरात ती वही घेऊन अंगणात उभी राहते आणि एकेक नाव पुकारते. काका खुर्चीत बसून "हजर" म्हणतात. वस्तू दाखवल्याशिवाय ती खूण करत नाही. मागच्या वर्षी त्यांनी वल्ह्यांना बसल्या जागेवरूनच "हजर" म्हटले. ती म्हणाली, "आजोबा, दाखवा." काका उठले, माडीवरून दोन्ही वल्ही घेऊन आले, आणि हसत म्हणाले, "लिही आता."

आपल्या घरी नाव असेल, तर या रविवारी एक वही आणा. पहिल्या पानावर घरच्या माणसांची नावे लिहा आणि तेवढी जॅकेटे मोजा. बाकीची पाने मागाहून भरतील.