एक वही, दोन लेखण्या



रोह्याशेजारी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली, की फाटकाशी सभासद-नोंदणीची वही घेऊन आम्ही बसतो. एकदा गर्दी फार, म्हणून एकाच वहीवर दोन कार्यकर्ते बसविले. एका कामगाराने एकाकडे आपले नाव सांगितले. त्याच क्षणी त्याच्या सोबत्याने भाबडेपणाने दुसऱ्याकडे तेच नाव दिले. दोघांनी वही चाळली, नाव नव्हते. दोघांनी लिहिले, दोघांनी पावती फाडली. माणूस एक, सभासद दोन! महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली मान्यता मिळवायची तर मागील सहा महिने शेकडा ३० कामगार आपले सभासद असल्याचे दाखवावे लागते. तिथे एक दुबार नाव निघाले, की प्रतिपक्ष साऱ्या वहीवरच बोट ठेवतो.

संगणकालाही हाच रोग जडतो. मी शाळा फारशी पाहिली नाही. मुलांची पुस्तके चाळता चाळता हे शिकलो. 'जावा' ही संगणकाची भाषा १९९५ साली आली. एक नाव एकदाच ठेवणाऱ्या संग्रहाला तीत 'सेट' म्हणतात. त्याचा नेहमीचा प्रकार 'हॅशसेट'. आणि एकाच वेळी चालणारे कामाचे ओघ ते 'थ्रेड', म्हणजे आमचे दोन कार्यकर्ते. हॅशसेट एकाच लेखणीसाठी बांधलेला आहे. आरंभी त्यात १६ कप्पे असतात. तेरावे नाव आले, की तो ३२ कप्पे करून सारी नावे हलवितो. त्या हलवाहलवीत दुसऱ्या थ्रेडने नाव घातले तर ते हरवू शकते, आणि कोणी हाकही मारीत नाही.

पहिला उपाय कुलपाचा. 'सिंक्रोनाइझ्डसेट' हे वेष्टण चढविले, की एका वेळी एकालाच वही मिळते. पण इथेच पुष्कळजण फसतात. 'नाव आहे का?' ही एक क्रिया, 'लिही' ही दुसरी. दोहोंच्या मध्ये कुलूप उघडते, आणि आमच्या फाटकावर घडले तेच पुन्हा घडते. तेव्हा दोन्ही क्रिया एकाच कुलपाखाली घ्याव्यात. पण त्याहून सोपे म्हणजे विचारूच नये. 'ॲड' ही आज्ञा नाव नवे असेल तर 'होय', आधीचे असेल तर 'नाही' असे उत्तर स्वतःच देते. पावती त्या उत्तरावर फाडावी. वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतानाही कुलूप आपल्या हाती धरावे लागते, नाहीतर वाचन मध्येच मोडते.

पण एक कुलूप म्हणजे लांब रांग. २००४ च्या आवृत्तीत 'कॉन्करंटहॅशमॅप' आला आणि २०१४ च्या आवृत्तीत त्यावरूनच सेट करण्याची थेट सोय झाली. यात लिहिणारा बहुधा आपल्या कप्प्यापुरतेच अडवितो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात पन्नास मूर्तींवर पन्नास हात चालतात, पण एका मूर्तीचे डोळे दोघे एकदम आखीत नाहीत, तसेच हे. मात्र लिहिणे चालू असता केलेली मोजदाद अंदाजाचीच असते. मान्यतेच्या अर्जासाठी आकडा हवा, तर लेखण्या थांबवूनच मोजावे.

'कॉपीऑनराइटॲरेसेट' हा प्रत्येक बदलाला सारी यादी नव्याने उतरवितो. कार्यकारिणीच्या यादीला तो चालेल, फाटकावरच्या वहीला नाही.