जुनी हार्डडिस्क काढली आणि विंडोजच गायब?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. आता वाशीम, रिसोड, कारंज्यातल्या दुकानांत जुन्या पीसीत एसएसडी टाकून विंडोज ११ चढवायचं चाललंय. सगळं छान चालतं. मग जुनी हार्डडिस्क काढली की स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’!

एसएसडीला दोष देऊ नका. जुन्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन असलं की सेटअप बूट फायली बरेचदा तिथंच टाकतो, विंडोज भले एसएसडीवर असो.

म्हणून इन्स्टॉल करण्याआधी पीसी बंद करून हार्डडिस्कची साटा केबल काढाच. तेवढं जमत नसेल तर डिस्क साइजवरून ओळखा: २५६ जीबीची एसएसडी २३८ दिसते, १ टीबीची हार्डडिस्क ९३१. ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ या नंबरांवर जाऊ नका. फॉरमॅट चुकीच्या डिस्कवर दाबलं तर सातबाऱ्याचे स्कॅन, लग्नाचे फोटो, सगळंच गेलं.

आधीच अडकलात? पुन्हा इन्स्टॉल कशाला? विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट-एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा. डिस्कपार्टमध्ये एसएसडीवर थोडी जागा मोकळी करून १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन बनवा, फॅट३२मध्ये फॉरमॅट करून त्याला अक्षर द्या, मग बीसीडीबूट कमांड चालवा. बूट फायली एसएसडीवर येतात. आणि यूपीएस नसेल तर लाइन जायच्या टायमाला हे काम काढू नका.