१४ एप्रिलला मुलांसोबत बनवूया मदतनिसांच्या टोप्या

जयंती जवळ आली की वस्तीवस्तीत मुलांच्या चित्रकला, वक्तृत्व आणि वेशभूषा स्पर्धांची तयारी सुरू होते. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळला जातो, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटकं आणि कापूस भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. त्यात अग्निशमन दलाचे ६० हून अधिक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात.

हे निमित्त साधून ५ ते १० वर्षांच्या मुलांसोबत ‘आपले मदतनीस’ हा टोप्या बनवण्याचा उपक्रम घेता येतो. बुद्धविहार, समाजमंदिर किंवा अभ्यासिकेत दोन तास पुरतात.

टोपी कशी बनवायची?

२२ बाय २८ इंचाच्या एका कार्डशीटमधून ३ इंच रुंद आणि २८ इंच लांब अशा ७ पट्ट्या निघतात. पट्टी मुलाच्या डोक्याभोवती गुंडाळून मापाने चिकटवा. स्टेपलर वापरल्यास पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा आणि वरून चिकटपट्टी लावा. मग पुढच्या बाजूला त्या त्या कामाची ओळख लावायची. अग्निशमन जवानासाठी लाल कागदाचं शिरस्त्राण, पोस्टमनसाठी खाकी टोपी, वीज कर्मचाऱ्यासाठी पिवळं हेल्मेट, सफाई कामगारासाठी हेल्मेट आणि त्यावर दिवा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम.

आशाताई, अंगणवाडी सेविका, शेतमजूर बाई यांना ठरलेली टोपी नाही. म्हणून त्यांना वगळू नका. पट्टीवर औषधांची पिशवी, पाटी किंवा विळा यांचं चित्र काढा. नाहीतर गणवेश असलेलं कामच मोठं, असा मुलांचा समज होतो.

कोणती टोपी कोणाला?

खरा प्रश्न इथे आहे. मदतनिसांच्या तक्त्यात डॉक्टर आणि पोलीस वर असतात, झाडूवाला शेवटी. टोप्या वाटताना मोठी माणसं नकळत तोच क्रम पाळतात. गोऱ्या, नीटनेटक्या मुलाला डॉक्टर करतात आणि सफाई कामगाराच्या मुलाच्या हाती झाडू देतात. ‘बापासारखाच दिसतोस’ असं कौतुकानेही कुणी म्हणालं, तरी मुलाला कळायचं ते कळतं.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मांडलं की जात ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. हा विचार सहा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचवायला भाषण लागत नाही. चिठ्ठ्या टाका. ज्याला जी चिठ्ठी येईल ती टोपी. दर दहा मिनिटांनी टोप्यांची अदलाबदल करा, म्हणजे प्रत्येक मूल तीन-चार कामं करून पाहील. काम शिकता येतं, बदलता येतं आणि ते जन्माला चिकटलेलं नसतं, हे त्याला खेळातूनच समजतं.

मुलींच्या डोक्यावरही लाल शिरस्त्राण येऊ द्या. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या पहिल्या महिला हर्षिनी कान्हेकर यांच्याविषयी मुलांना जरूर सांगा.

काय विचारायचं, काय टाळायचं?

‘तुझे आईबाबा काय करतात?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारू नका. मूल स्वतःहून सांगेल तर ऐका. त्याऐवजी असे प्रश्न घ्या: हे काम आठवडाभर बंद राहिलं तर काय होईल? काम करताना धोका कोणता? टोपीशिवाय आणखी काय हवं? शेवटच्या प्रश्नावर मुलं हातमोजे, गमबूट, मास्क सुचवतात. तेही कागदाचे बनवू द्या. सोबत १०१, १०८ आणि ११२ हे क्रमांक पाठ करून घ्या.

मोठ्या गटातल्या मुलांना एवढं तरी सांगावं: सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही माणसं मरतात. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. सफाई कामगाराला ‘योद्धा’ म्हणून टाळ्या वाजवणं सोपं आहे. त्याला हेल्मेट, कायम नोकरी आणि वेळेवर पगार मिळणं हा त्याचा हक्क आहे. टाळ्या आणि हक्क यांतला हा फरक मुलांना जितक्या लवकर कळेल तितकं चांगलं.

मित्रांनो, यंदा जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत या उपक्रमासाठी दोन तास राखून ठेवा. शक्य असेल तर जवळच्या अग्निशमन केंद्रातील जवान आणि वस्तीत काम करणारी सफाई कामगार ताई, दोघांनाही एकाच व्यासपीठावर, एकसारख्या खुर्च्यांवर बसवा आणि मुलांना त्यांच्याशी बोलू द्या.

जय भीम!