नगरची तोफ विजापुरात. अन् आपल्या शेतात काही सापडलं तर?

सुपा : सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो. पण ही तोफ मूळची आपल्या नगरची, हे किती जणांना ठाऊक आहे? निजामशाहीत १५४९ साली महंमद रूमी या कारागिराने ती ओतली. वजन सुमारे ५५ टन, तोंड सिंहाचं अन् जबड्यात हत्ती. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२ मध्ये विजापूरला गेली. आज तिथल्या बुरुजावर लोक ती बघायला जातात. इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये तिचा लिलाव झाला. बोली लागली अवघी १५० रुपये! सौदा रद्द झाला म्हणून तोफ वाचली.

मोल कळलं नाही की वस्तू मोडीत जाते. विहीर खोदताना, घराचा पाया काढताना जुनी नाणी निघाली, तर ती गुपचूप वितळवू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो, वर शिक्षा. कळवलं अन् कुणी मालक निघाला नाही, तर सापडलेल्याला आणि जमीनमालकाला वाटा मिळतो. सरकारने वस्तू ठेवून घेतली तरी तिची किंमत द्यावी लागते. म्हणून आधी कळवा.