तेलाचा ताप

नवापूरला मी रेल्वे स्टेशनवर लिहायला आलो होतो. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. संपादकांना त्यावर लेख हवा होता. सुरत-धुळे हायवेच्या कडेला चहाला थांबलो, तर शेजारच्या गॅरेजात एक जेसीबी बॉनेट उघडून उभा होता आणि एक मिस्त्री त्याच्या जाळीत जुन्या टूथब्रशने टोकरत बसला होता. मी चहा तिकडेच घेऊन गेलो आणि स्टेशनचा लेख राहिला तो राहिलाच.

ती जाळी गिअरबॉक्सच्या तेलाच्या कुलरची होती. इंजिनाच्या रेडिएटरपाशी बसवलेल्या या कुलरमधून गरम तेल फिरतं, पंख्याच्या हवेने निवतं आणि परत जातं. इथे मात्र पात्यांच्या फटींत मुरमाची धूळ, भाताचं तूस आणि कुठल्यातरी नळीतून झिरपलेलं तेल मिळून वाळल्या शेणासारखा थर बसला होता. मिस्त्रींनी बोटाएवढी खपली काढून माझ्या हातावर ठेवली. "हवाच जात नाही आत. मग तेल निवणार कसं, भाऊ?"

हायवेवरच्या बहुतेक ट्रकांत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचची प्लेट असते. जेसीबीत तिच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एक चाक हेच गिअरबॉक्सचं तेल भिरकावतं, समोरचं चाक त्या माऱ्याने फिरतं, आणि मधलं तिसरं परतणाऱ्या तेलाला असं वळण देतं की जोर दुपटीपर्यंत वाढतो. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. आज ऑटोमॅटिक गिअरच्या बसमध्ये आणि कोळसा खाणींतल्या मोठ्या डंपरांतही हीच युक्ती आहे. लोखंड लोखंडाला घासत नाही, गाडी धक्का न खाता उठते. मला हे यंत्र फार सुंदर वाटतं.

त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. बकेट ढिगाऱ्यात घुसली, चाकं अडली आणि ऑपरेटरने ॲक्सिलरेटर दाबून धरला, की इंजिनाची ताकद जमिनीपर्यंत पोचतच नाही. कन्व्हर्टरच्या आत तेल घुसळण्यात खर्च होते. इंजिनाची 75 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 55 किलोवॅट, म्हणजे घरातले 2 किलोवॅटचे सत्तावीस गीझर एकदम, आणि तेल जेमतेम डबाभर. अर्ध्या मिनिटात ते चाळीस-पन्नास अंशांनी चढू शकतं. बस हमरस्त्याला लागून वेग धरते तेव्हा कन्व्हर्टरच्या आतला क्लच दोन्ही चाकं एकमेकांना जखडतो आणि घुसळण थांबते. दिवसभर ढिगाऱ्यात पुढे-मागे करणाऱ्या यंत्राच्या वाट्याला ही उसंत नाही. त्याची सगळी भिस्त त्या जाळीवर.

मिस्त्रींनी डिपस्टिक काढली, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला. नवं तेल मधासारखं पारदर्शक असतं. हे चहाच्या रंगाचं, करपट वासाचं. तेल 120 अंशांच्या वर राहू लागलं की वेगाने आंबतं. दर दहा अंशांना त्याचं आयुष्य अर्धं होतं, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. मग रबरी सील काचेसारखे कडक होतात, गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर गुळगुळीत होऊन घसरू लागतं, आणि घसरण म्हणजे आणखी उष्णता.

कुलर साफ करण्याची त्यांची पद्धत मी तासभर पाहिली. हवा समोरून मारायची नाही, पंख्याच्या बाजूने उलट मारायची, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर पडतो. पाण्याचा जोरदार फवारा तर नाहीच; पाती मुडपतात आणि फट कायमची बुजते. मुडपलेलं प्रत्येक पातं ते पत्र्याच्या पातळ पट्टीने सरळ करत होते, केसांत फणी फिरवावी तसं. मालकाशी गुजरातीत, ऑपरेटर पोरांशी मावचीत आणि माझ्याशी मराठीत बोलताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही.

हे काम आठवड्यातून एकदा व्हायला हवं. होत नाही, आणि का होत नाही याची मला काळजी वाटते. जेसीबीचं भाडं तासावर असतं. मालकाच्या डोक्यावर हप्ता, ऑपरेटरला रोजावर काम. जाळी साफ करण्याच्या तासाचे पैसे कुणीच देत नाही. मे महिन्यात खानदेशात पारा चाळिशीपलीकडे जातो. म्हणजे कुलरला सर्वांत जास्त हवा हवी असते तेव्हाच पावसाआधी शेततळी, नाले, रस्ते उरकण्याची घाई असते. बॅरलमधलं सुटं तेल स्वस्त मिळतं. त्यात काय आहे ते वासावरून कळत नाही, असं मिस्त्रीच म्हणाले. शिवाय धुराचे नवे नियम आले, 2021 मध्ये एकदा आणि 2025 पासून आणखी कडक. धूर कमी झाला हे चांगलंच झालं, पण बॉनेटखाली उपकरणांची दाटी वाढली, आणि बिघाड कळायला नाक-बोटांबरोबर लॅपटॉपही लागतो. तो वापरायला या गॅरेजातल्या पोरांना शिकवणार कोण, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

संध्याकाळी दुसरा जेसीबी आला. विशीतल्या ऑपरेटरने आल्या आल्या किल्लीला हात घातला. मिस्त्रींनी लांबूनच तळवा दाखवला. "बंद नको करू. तीन मिनिटं चालू दे, तेल फिरू दे." पोराने किल्लीवरचा हात काढला. पंखा फिरत राहिला, जाळीतून गरम वारा आमच्या अंगावर येत होता. त्याच्या खिशातला मोबाइल वाजू लागला. विसरवाडीहून कुणीतरी विचारत होतं, गाडी निघाली का.